शिलाई मशीन (शब्दव्युत्पत्ती)

शिलाई मशीन, न. कापड शिवण्याचे यंत्र. इंग्रजी ‘सोइंग मशीन’ या जोडशब्दावरून. ग्रांथिक मराठीत ‘शिवणयंत्र’.

इंग्रजी शब्दाचा विग्रह ‘शिवणारे यंत्र’ असा नव्हे, ‘शिवण्यासाठी यंत्र’ असा होतो. आपल्या ‘क्रीडांगण’सारखा चतुर्थी तत्पुरुष. वॉशिंग मशीनही त्याच घडणीचे.

खरी गंमत पहिल्या पदात आहे. ‘सो’चे जुने इंग्रजी रूप ‘सिवियन’. लॅटिन ‘सुएरे’ आणि संस्कृत ‘सिव्’ ही त्याची भावंडे, म्हणजे ‘शिवणे’, ‘शिवण’ नात्यातलेच. ‘सूत्र’ही याच धातूचे मानतात. डॉक्टरांचे ‘सूचर’ ‘सुएरे’वरून आले, रुग्ण त्यांना टाकेच म्हणतो. दुसरे पद मात्र ग्रीक ‘मेखाने’पासून लॅटिन, फ्रेंच अशी मजल मारत इंग्रजीत आलेले. बोली मराठीने नात्यातले ‘सोइंग’ दारातूनच परत पाठवले, कारण घरात ‘शिलाई’ होती, आणि दूरच्या ‘मशीन’ला ठेवून घेतले. ‘यंत्र’ (धातू ‘यम्’, आवरणे) पुस्तकात राहिले.

सुट्या भागांची नावेही हेच सांगतात. सुई, दोरा, टाका हाताच्या शिवणीतले, म्हणून मराठी. चामड्याची वादीही आधीचीच. बॉबिन आणि शटल यंत्राबरोबर आले ते नाव घेऊनच. एलायस हाउ यांच्या 1846 च्या अमेरिकी पेटंटमधला टाका दोन दोऱ्यांचा होता. बॉबिनवरच्या खालच्या दोऱ्याला हाताच्या शिवणीत जागाच नव्हती, मग शब्द कुठून असणार?

सुरतेत उधना, लिंबायत भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. साडीला लेस लावण्याचे काम इथे घरोघर चालते. अशा घरात ‘शिलाई’ही गळते, नुसते ‘मशीन’ म्हटले की हेच. शेजारचे गुजराती कुटुंब त्याला ‘संचो’ म्हणते आणि शिवणाऱ्याला ‘दरजी’ (फारसी ‘दर्ज’, शिवण). इंग्रजी ‘टेलर’ मुळात कापणारा. मराठी ‘शिंपी’ दिसतो ‘शिव’चा, पण त्याचे मूळ ‘शिल्पिन्’ मानले जाते.

‘शिवणयंत्र’ निर्दोष आहे, पण शिवणारे ते बोलत नाहीत. कोशात मुख्य नोंद ‘शिलाई मशीन’चीच हवी.