क्रँकशाफ्ट बेअरिंग : इंजिन-दुरुस्तीतील निवड

क्रँकशाफ्ट बेअरिंग म्हणजे मोटारीच्या इंजिनात शाफ्टला आधार देणारी पातळ धातूची शेल. अशी दोन अर्धवर्तुळाकार शेल समोरासमोर बसली की एक बेअरिंग होते. ब्लॉक आणि क्रँकशाफ्ट यांच्यामधल्या बेअरिंगला मेन म्हणतात, तर कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकात, क्रँकपिनवर बसणाऱ्याला बिग एंड. शाफ्ट पुढे-मागे सरकू नये म्हणून एका मेनजवळ थ्रस्ट वॉशर असतात. पारिभाषिक मराठीत बेअरिंगला ‘धारवा’ असा शब्द आहे, पण तो गॅरेजपर्यंत पोहोचला नाही. म्हणून या नोंदीत बेअरिंग हाच शब्द वापरला आहे.

चालत्या इंजिनात शाफ्ट शेलवर टेकलेला नसतो. फिरताना तो ऑइल स्वतःबरोबर अरुंद होत जाणाऱ्या फटीत ओढतो, तेथे दाब तयार होतो आणि शाफ्ट ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगतो. १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या आसांवर प्रयोग करत होते. बेअरिंगला पाडलेल्या भोकातून ऑइल वर येऊ लागले म्हणून त्यांनी आधी बूच आणि मग लाकडी खुंटी ठोकली, दोन्ही उडाली. त्या दाबाचे गणित ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये मांडले. इंजिन सुरू होताना आणि बंद होताना मात्र हा पापुद्रा नसतो, धातू धातूला घासतो. शेलचा धातू कसोटीला लागतो तो याच क्षणी, आणि ऑइलमध्ये कचरा आला की.

या धातूकडून परस्परविरोधी अपेक्षा असतात. कचऱ्याचा कण पोटात घेण्याइतका आणि शाफ्टच्या किरकोळ वाकडेपणाशी जुळवून घेण्याइतका तो मऊ हवा. शिवाय मिनिटाला हजारो ठोके सोसूनही तडा न जाण्याइतका तो दणकट हवा. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये शोधलेला कथिलप्रधान मिश्रधातू मऊपणात अजून सरस आहे, पण आजच्या इंजिनाचा भार त्याला एकट्याने पेलत नाही. त्यामुळे आजचे शेल पोलादी पाठीचे आणि थरांचे असते. ट्रायमेटल प्रकारात पोलादावर तांबे-शिशाचा थर, त्यावर निकेलचा सूक्ष्म पडदा आणि सर्वांत वर मिलिमीटरच्या दोनेक शतांश भागाइतका मऊ मुलामा असतो. बायमेटल प्रकारात पोलादावर थेट अॅल्युमिनियम-कथिलाचा थर असतो. त्यात सिलिकॉनही मिसळलेले असेल, तर त्याचे कठीण कण ओतीव शाफ्टचे बारीक काटे घासून काढतात. युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशानंतर नव्या मोटारींतून शिसे टप्प्याटप्प्याने हद्दपार होत गेले, त्यामुळे शिसेरहित अॅल्युमिनियमचा वापर वाढला.

टर्बो डिझेलमध्ये रॉडच्या वरच्या शेलवर ज्वलनाचा सगळा मार बसतो, मेनमध्ये तो खालच्या शेलवर येतो. काही इंजिनांत त्या भाराच्या बाजूला स्पटर पद्धतीने मुलामा चढवलेले अतिकठीण शेल असते आणि दुसऱ्या बाजूला साधे. म्हणून वरचे-खालचे शेल अदलाबदल करून चालत नाही. साध्या पेट्रोल इंजिनाच्या दुरुस्तीत मात्र ‘रेसिंगचे’ कठीण शेल घालण्याचा मोह टाळावा. कठीण शेल कचरा गिळत नाही, तो शाफ्टवर ढकलते. इंजिन मुळात ज्या प्रकारच्या शेलवर चालत आले, तोच प्रकार पुन्हा घेणे जवळपास नेहमी बरोबर ठरते.

एवढे ठरले तरी निवड पुरी होत नाही. शेलच्या डब्याआधी मायक्रोमीटर हातात घ्यावा लागतो. प्रत्येक जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, काटकोनातील दोन दिशांनी आणि दोन्ही कडांजवळ मोजतात, म्हणजे त्याचा लंबगोलपणा आणि निमुळतेपणा कळतो. दोन्ही ०.०१ मिमी.च्या आत असावेत, ही बहुतेक लहान मोटारींसाठी वाजवी मर्यादा आहे. ब्लॉक आणि रॉडची भोके कॅप, म्हणजे भोकाचा सुटा अर्धा भाग, बसवून, बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळूनच मोजायची असतात. सैल कॅपने घेतलेले माप फसवे असते.

जर्नल झिजले किंवा त्यावर चर पडले असतील तर शाफ्ट ग्राइंडिंगला जातो आणि त्या मानाने जाड, म्हणजे अंडरसाइझ शेल लागतात. नाव शाफ्टच्या घटलेल्या मापावरून पडले आहे, शेल मात्र जाड असते. या उलटसुलटीमुळे दुकानात चुकीचा डबा हातात पडतो. इंची इंजिनांत दहा, वीस, तीस, चाळीस थाउ (इंचाचे हजारावे भाग) असे टप्पे चालतात, मेट्रिक इंजिनांत ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी. फियाटच्या जुन्या पुस्तिकांत ०.२५४, ०.५०८ असे आकडे दिसतात. हे मेट्रिकच्या कपड्यातले थाउच. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन याच फियाट घराण्यातले. पृष्ठभाग नायट्राइडने कठीण केलेला शाफ्ट ग्राइंडिंगला देताना जपावे लागते. तो कठीण थर अगदी पातळ असतो. खोल ग्राइंडिंगमध्ये तो निघून जातो आणि शाफ्टवर ती प्रक्रिया पुन्हा करावी लागते. ग्राइंडरने जर्नलच्या कोपऱ्याची गोलाई मूळ मापाचीच ठेवली पाहिजे. ती लहान झाली तर शाफ्ट तेथून तुटतो, मोठी झाली तर शेलची कड तिच्यावर चढते.

शाफ्ट शाबूत असेल आणि स्टँडर्ड शेलच घालायची असतील, तरी अनेक जपानी इंजिनांत स्टँडर्ड एकच नसते. मारुती एस्टीम आणि जिप्सी किंगमधले सुझुकीचे १.३ लिटर जी मालिकेचे इंजिन हे याचे सरळ उदाहरण आहे. शाफ्टच्या वेबवर, म्हणजे जर्नल आणि क्रँकपिन जोडणाऱ्या बाहूवर, १, २, ३ हे अंक कोरलेले असतात. १ म्हणजे मेन जर्नलचा व्यास ४४.९९४ ते ४५.००० मिमी., पुढचा प्रत्येक अंक ०.००६ मिमी.ने लहान. ब्लॉकची भोकेही त्याच अंतराच्या तीन वर्गांत मोडतात. दोन्हींच्या जोड्यांतून पाच जाड्या निघतात आणि त्या शेलच्या कडेवरील रंगाने ओळखतात : हिरवा, काळा, बिनरंगी, पिवळा, निळा. हिरवे सर्वांत पातळ, निळे सर्वांत जाड. शेजारच्या दोन रंगांत फरक ०.००३ मिमी.चा, म्हणजे नखाने किंवा नजरेने कळणे अशक्य. एकाच इंजिनाच्या पाच मेन बेअरिंगना तीन वेगळे रंग लागणे यात नवल नाही. पूर्ण सेट एका रंगाचा मागवणारा मेकॅनिक त्यातली एक-दोन बेअरिंग हमखास सैल किंवा घट्ट बसवतो.

निवडीचे अंतिम माप म्हणजे ऑइलची फट, ज्याला क्लिअरन्स म्हणतात. जुना ठोकताळा व्यासाच्या हजाराव्या भागाचा आहे : ५० मिमी.च्या जर्नलला सुमारे ०.०५ मिमी. पातळ ऑइलवर चालणारी आजची इंजिने यापेक्षा कमी ठेवतात. वर उल्लेखलेल्या सुझुकी इंजिनात मेनची फट ०.०२० ते ०.०४० मिमी. असते. ठोकताळा आणि कंपनीची पुस्तिका यांत तफावत आली तर पुस्तिका मानावी. फटीतून निसटणारे ऑइल तिच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती सुमारे आठपट होते आणि गरम इंजिनाचा ऑइल-दाब कोसळतो. दाट ऑइल ओतून तो दाब मीटरवर परत आणता येतो, बेअरिंगमध्ये नाही.

जुनी शेल फेकण्याआधी त्यांचे क्रम लिहून ती ओळीने मांडावीत. ट्रायमेटल शेलवर सर्वत्र एकसारखे उघडे पडलेले तांबे ही वयाची झीज. एकाच कडेला झीज असेल तर जर्नल निमुळते किंवा रॉड वाकडा. पाठीवर एखादा काळा ठिपका म्हणजे बसवताना मागे कचरा राहिला. थर भेगाळून तुकडे पडलेले दिसले तर धातू थकला. तेथे भार, इंजिनाची ठोक आणि इंधन यांचा विचार करावा लागतो. ही कारणे काढल्याशिवाय नवे शेलही त्याच वाटेने जाते.

मेनचे वरचे शेल बहुधा खाचेचे आणि ऑइलच्या भोकाचे, खालचे सपाट. खालच्यालाही खाच असलेला संच घेतला तर भार पेलणारे क्षेत्र घटते. शेल सुटे असताना भोकापेक्षा किंचित मोठे असते. कॅप आवळल्यावर ते दाबले जाऊन घट्ट बसते. त्याची पाठ कोरडी आणि स्वच्छ हवी. थ्रस्ट वॉशरची खाचांची बाजू क्रँकच्या वेबकडे ठेवतात, आणि शाफ्टची पुढे-मागे हालचाल ०.११ ते ०.३१ मिमी. भरावी, असे सुझुकीचे माप आहे.

बसवल्यावर फट प्लास्टिगेजच्या मेणचट धाग्याने पुन्हा पडताळतात. धागा ठेवला असताना शाफ्ट फिरवायचा नसतो. माप जमत नसेल तर शेलला पॉलिशपेपर लावणे, कॅप घासणे किंवा शेलमागे पत्रा घालणे हे रस्त्याकडेचे उपाय पातळ शेलच्या इंजिनात चालत नाहीत. शेल बदलून आणावे आणि जर्नल पुन्हा मोजावे.