अडकलेला जबडा आणि कष्टाची वाणी: वाग्भटापासून जालना एमआयडीसीपर्यंत

१/ देवगिरीहून जालना जेमतेम पाऊणशे किलोमीटर. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या वैद्यकग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. त्या मूळ ग्रंथात वर्णिलेल्या एका व्याधीची लक्षणे आज जालना एमआयडीसीच्या फाटकाबाहेरही भेटतात. त्या व्याधीचा आणि वाणीचा हा इतिहास.

२/ व्याधीचे नाव ‘हनुस्रंस’. हनु म्हणजे जबडा, स्रंस म्हणजे निसटणे. सातव्या शतकाच्या आसपासचा वाग्भट तिची तीन कारणे देतो: जीभ अति खरवडणे, कोरडे पदार्थ चावणे आणि मार लागणे. तोंड उघडेच राहते किंवा मिटलेलेच राहते. मग चावणे आणि बोलणे दोन्ही कष्टाने होते. बोलणे ‘बंद पडते’ असे तो म्हणत नाही. हा फरक नेमका आहे.

३/ कानापुढे बोट ठेवून तोंड उघडले की जबड्याचा सांधा जाणवतो. तो आधी बिजागरीसारखा फिरतो, मग पुढे सरकतो. मध्ये कूर्चेसारखी एक चकती असते. बोलताना जबडा थोडाच हलतो आणि उरलेले काम जीभ व ओठ सांभाळून घेतात. म्हणून सांधा बिघडला तरी माणूस बोलतो, पण शब्द दबके येतात आणि तोंड लवकर थकते.

४/ वाग्भटाचे दोन प्रकार वर्णमालेच्या दोन टोकांवर आघात करतात. तोंड मिटेनासे झाले तर ओठांना ओठ लागत नाहीत; प, फ, ब, भ, म फसतात. उघडेनासे झाले तर ‘आ’ कोंडतो. जबडा हा उच्चाराचा अवयव आहे, हे वेदपाठकांना त्याही आधी ठाऊक होते. तैत्तिरीय प्रातिशाख्य अ-वर्णासाठी ओठ आणि हनु यांत किती अंतर असावे, याचा नियमच सांगते.

५/ निखळलेला जबडा शेकून, जागेवर बसवून पट्टीने बांधावा, असे सुश्रुत सांगतो. ग्रीसमधील हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतही जबडा बसवण्याची रीत आहे. आधुनिक काळात १९३४ साली अमेरिकन कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी कानदुखी आणि जबड्याचा सांधा यांचा संबंध मांडला. तेव्हापासून हा सांधा वैद्यकाच्या चर्चेत ठळक झाला.

६/ भारतीयांच्या बाबतीत मात्र कथा वेगळ्या वळणाने गेली. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांची नोंद केली. त्यांच्या तोंडाचे अस्तर कडक झाले होते. १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी याच विकाराचे वर्णन ‘सबम्युकस फायब्रोसिस’ या नावाने केले. येथे सांधा मुळात निरोगी असतो. त्याच्याभोवतीचे मांस ताठ होऊन तो जखडला जातो.

७/ मुख्य कारण सुपारी. तिच्यातील अरेकोलीनमुळे अस्तराखाली तंतू साठत जातात. गाल ताठतात, जीभ आखडते, मऊ टाळू हलेनाशी होते. सांध्याच्या विकारात जीभ मदतीला येते. येथे तीच अडकते. शीळ घालता येत नाही, फुंकर मारता येत नाही, आवाज नाकातून येऊ लागतो.

८/ १९६६ साली डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांनी या विकाराची प्रमाण व्याख्या दिली. तीत तोंड न उघडणे आणि खाता न येणे आहे. वाणीचा उल्लेख नाही. वाग्भटाने मात्र चर्वणाशेजारीच भाषण ठेवले होते.

९/ पुढे पुड्या आल्या. पान लावणारा हात मध्ये राहिला नाही. सुपारी खिशात, यंत्राशेजारी पोहोचली. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत. रात्रपाळीत झोप उडवायला पुडी स्वस्त पडते. पण त्याच गदारोळात ‘सरक!’ किंवा ‘थांब!’ ही हाक स्पष्ट पोहोचावी लागते. तापलेल्या सळईजवळ दबका शब्द धोक्याचा ठरतो.

१०/ महाराष्ट्राने २००२ साली गुटखाबंदी केली. राज्याला तसा अधिकार नाही, असे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ग्रंथात तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक ठरली. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये बंदी पुन्हा आली. कागदावरची बंदी आणि टपरीमागची विक्री यांतील अंतर वृत्तपत्रांतील जप्तीच्या बातम्या दाखवतात.

११/ या विकारात साठलेले तंतू पूर्ववत होत नाहीत आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. सवय लवकर सुटली तर वाढ रोखता येते. व्यायाम, औषधे, शस्त्रक्रिया यांनी तोंड काही प्रमाणात मोकळे होते. निरोगी प्रौढाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. दोनच मावत असतील, तर वाग्भटाने सांगितलेले कष्ट सुरू झाले असू शकतात. दंतवैद्याकडे जाण्याची वेळ तीच.