झिजलेल्या लाकडाचे मोल

जुन्या सामानाला रंग देऊन मुद्दाम झिजलेले रूप आणण्याची हौस आज शहरात वाढली आहे. कपाटाला आधी गडद रंग देतात, कडांना मेण चोळतात, वर फिका रंग चढवितात आणि पॉलिशपेपरने घासतात. मेणावरचा रंग सुटतो. कपाट पिढ्यान्‌पिढ्या वापरल्यासारखे दिसते. हे कसब आहे. त्याला आम्ही नावे ठेवीत नाही.

पण काळाचौकीने खरी झीज पाहिली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो लांबला, तसे चाळींतले किडूकमिडूक मिळेल त्या भावाने गेले. पुढे गिरण्याही पडल्या. जुन्या इमारतींचा बर्मी साग ओशिवऱ्याच्या बाजारात नव्या रूपाने विकला गेला.

कारागीर कोणती कड घासतो? जेथे माणसाचा हात रोज पडतो, तीच. म्हणजे नक्कल होते ती कष्टाची. लाकडाला भाव आला. हाताला आला नाही.

येथील इंडिया युनायटेड मिलची जागा वस्त्रोद्योग संग्रहालयासाठी राखली आहे. तेथे कामगारांचे एक बाकडे तरी रंग न देता ठेवावे, एवढेच आमचे मागणे.