दहा मीटर केबल आणि ब्लूमलाइन

गेल्या शनिवारची गोष्ट. बाबांचा जुना टेपडेक हॉलमध्ये, अँप्लिफायर त्यांच्या खोलीत, मध्ये १० मीटर केबल. आवाज कमी-जास्त करायचा १०० किलोओहमचा पॉट डेकपाशी. कुमारांची कॅसेट लावली, तर बाबा म्हणाले, "अरे, तंबोरा घोंगडी पांघरून बसलाय का?"

हिशोब केला. पॉट मध्यावर असला की तो केबलला साधारण २५ किलोओहमचा दिसतो. केबलचा कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरला तर एकूण १०००. म्हणजे ६४०० हर्ट्झच्या वरचं सगळं उतरणीला. बाबांचे कान बरोबर होते!

यावरचा इलाज म्हणजे बफर. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बफर म्हटलं की मेमरी आठवते, पण हा काही साठवत नाही आणि वाढवतही नाही. जेवढे व्होल्ट आत, तेवढेच बाहेर. फक्त पुढच्या केबलचं ओझं स्वतःच्या अंगावर घेतो.

ही युक्ती व्हॉल्व्हच्या काळातली. ईएमआयमधला इंग्रज इंजिनिअर अ‍ॅलन ब्लूमलाइन याच्या १९३४ च्या पेटंटात ती 'कॅथोड फॉलोअर' म्हणून सापडते. १९३१ चं स्टिरिओचं पेटंटही त्याचंच. बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी २ नोव्हेंबर १९३६ ला सुरू झाली, त्यातल्या ४०५ रेषांच्या पद्धतीमागेही तो होता. त्याच्या नावावर १२८ पेटंटं आहेत.

७ जून १९४२ ला एचटूएस रडारची चाचणी चालू असताना त्याचं हॅलिफॅक्स विमान पेटून कोसळलं. आतले ११ही जण गेले. ब्लूमलाइन तेव्हा ३८ वर्षांचा होता. रडार गुप्त, म्हणून अपघातही गुप्त. नंतरच्या तपासातून निघालं ते एवढंच, की इंजिनातला एक छोटा नट नीट आवळलेला नव्हता.

असो. माझ्या प्रतापाकडे येतो. ५५३२ ची चिप, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आत येताना १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आउटपुटला १०० ओहम, म्हणजे लांब केबलमुळे चिप स्वतःच शिट्टी मारायला लागू नये. चालू केलं. पहिले काही सेकंद झकास, मग आवाज फाटला, मग चिडीचूप. चिप बदलली, सोल्डर पुन्हा केलं, तेच. रविवारी दुपारी मल्टिमीटर लावला, तर आउटपुटवर उणे ७ व्होल्ट!

चिपच्या इनपुटला किंचित करंट लागतो. कपॅसिटर डीसी अडवतो, त्यामुळे त्या करंटला दुसरी वाटच नव्हती. तो कपॅसिटरच भरत बसला आणि आउटपुट हळूहळू घसरत कडेला जाऊन अडकलं. इनपुटपासून ग्राउंडला १०० किलोओहमचा एक रेझिस्टर लावला, संपलं.

गंमत म्हणजे व्हॉल्व्हवाल्यांना हे पाठ होतं. ग्रिडपासून ग्राउंडपर्यंतच्या त्या रेझिस्टरला ते 'ग्रिड लीक' म्हणायचे. मी डेटाशीट वाचली होती, इतिहास नाही.

संध्याकाळी बाबांनी तीच कॅसेट लावली. काही बोलले नाहीत, फक्त आवाज जरा वाढवला. तुम्ही बनवणार असाल तर चिपवर संशय घेण्याआधी तो एक रेझिस्टर लावलाय का, तेवढं बघा.