तिन्यानेल्लो
तिन्यानेल्लो : इटलीच्या तस्कनी विभागातील एक भरदार तांबडे द्राक्षमद्य. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस, ग्रेव्हे व पेसा या नद्यांच्या खोऱ्यांमधील टेकड्यांवर, सु. ३५० ते ४०० मी. उंचीवर असलेल्या मळ्यावरून त्यास हे नाव पडले. तेथील जमीन चुनखडीयुक्त व खडकाळ आहे. मळ्याची मालकी आंतिनोरी घराण्याकडे असून जोव्हान्नी दी प्येरो आंतिनोरी हा १३८५ मध्ये फ्लॉरेन्समधील मद्यविक्रेत्यांच्या संघात दाखल झाल्यापासून हे घराणे या व्यवसायात आहे.

या मद्याचे महत्त्व कळण्यासाठी क्यांती मद्याचा पूर्वेतिहास लक्षात घ्यावा लागतो. क्यांती प्रदेशाच्या सीमा तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझीमो याने १७१६ मध्ये ठरवून दिल्या. द्राक्षांचे मिश्रण मात्र बऱ्याच उशिरा निश्चित झाले. इटलीचा माजी पंतप्रधान बेत्तीनो रीकासोली याने ब्रोल्यो येथील आपल्या जमिनीवर दीर्घकाळ प्रयोग करून १८७२ मध्ये एका पत्रात आपले निष्कर्ष मांडले. सांजोव्हेझे या काळ्या द्राक्षाने मद्यास गंध व जोम येतो, कानायोलोने त्याचा कठोरपणा कमी होतो आणि पांढऱ्या माल्व्हाझीयाने ते हलके होऊन लवकर पिण्याजोगे बनते, असे त्याचे मत होते. मुरविण्यासाठी ठेवावयाच्या मद्यात पांढरी द्राक्षे टाळावीत, असेही त्याने सुचविले होते. हा इशारा पुढे विसरला गेला. १९६७ च्या नियमांनी १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे अनिवार्य केली व त्यांत भरघोस पिकणाऱ्या, पण चवीने फिक्या त्रेब्यानोचाच भरणा होऊ लागला. त्याच सुमारास अर्धेलीची जुनी शेतीपद्धती मोडकळीस आली होती. नव्या लागवडीत दर्जापेक्षा उत्पन्नाकडेच लक्ष राहिले.

१९६६ मध्ये घराण्याची सूत्रे हाती घेतलेल्या प्येरो आंतिनोरीपुढे पेच होता तो हा : नियम पाळावा, तर मद्य दुबळे होते, मोडावा, तर क्यांती हे प्रतिष्ठेचे नाव गमवावे लागते. त्याने दुसरा मार्ग पत्करला. १९७० चे पहिले मद्य क्यांती क्लासिको या नावानेच निघाले, पण १९७१ पासून त्यावर ‘साधे भोजनमद्य’ ही सर्वांत खालची शासकीय वर्गवारी आली. मद्यतज्ञ जाकोमो ताकीस याने ते मोठ्या जुन्या पिंपांऐवजी सु. २२५ लि. च्या लहान ओक पिंपांत मुरविले व मॅलिक अम्लाचे सौम्य लॅक्टिक अम्लात होणारे रूपांतर नियंत्रित केले. १९७५ पासून पांढरी द्राक्षे पूर्णपणे वगळण्यात आली. पांढऱ्या द्राक्षांना फाटा देण्याचा हा पहिलाच प्रयोग नव्हता. सान फेलीचे मळ्याचे व्हिगोरेल्लो १९६८ मध्येच निघाले होते. परंतु सांजोव्हेझे, फ्रेंच काबेर्ने व लहान पिंपे यांचा मेळ तिन्यानेल्लोने रूढ केला. मिश्रणात सु. ८० टक्के सांजोव्हेझे असून उरलेला भाग काबेर्ने सोव्हीन्याँ व काबेर्ने फ्राँ यांचा असतो. प्रतिकूल हंगामात, उदा., १९८४, १९९२ व २००२ मध्ये, हे मद्य काढण्यातच आले नाही.

वर्गवारीने कनिष्ठ, किंमतीने मात्र क्यांतीहून कितीतरी वरचढ अशा या मद्यांना इंग्रजी समीक्षकांनी ‘सुपर टस्कन’ म्हटले. अखेर कायद्यालाच वळावे लागले. १९९२ च्या कायद्याने प्रादेशिक मद्यांचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला व तिन्यानेल्लो त्यात समाविष्ट झाले. १९९६ मध्ये केवळ सांजोव्हेझेच्या क्यांती क्लासिकोस मान्यता मिळाली, तर २००६ च्या हंगामापासून त्यात पांढऱ्या द्राक्षांना बंदी झाली. महाराष्ट्रातही अकलूज (सोलापूर जिल्हा) परिसरात इटालियन भागीदारीतून सांजोव्हेझेची लागवड झाली असून काबेर्ने सोव्हीन्याँशी तिचे मिश्रण करून मद्य तयार केले जाते.