बाईंची अंतराळातली रोजनिशी

अंतराळ म्हटलं की आपल्याला गणित आठवतं. पण १९८५ साली अमेरिकेच्या ‘नासा’नं अकरा हजारांहून अधिक अर्जांमधून निवडलेल्या क्रिस्टा मॅकऑलिफ या सामाजिक शास्त्रं शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी ठरवलेलं काम कोणतं? तर रोजनिशी लिहिणं! पूर्वी छपराच्या गाड्यांतून अमेरिकेच्या पश्चिमेला निघालेल्या बायकांनी प्रवासाच्या रोजनिशा लिहिल्या होत्या; तशीच ही, सामान्य माणसाच्या नजरेतून. मला ही कल्पना दुर्बिणीहूनही मोलाची वाटते. आपल्याकडे ‘मी चंद्रावर गेलो तर’ हा निबंध मुलं गुणांसाठी लिहितात. इथं खुद्द बाईच जाऊन लिहिणार होत्या.

२८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. सातही जण गेले. अंतराळातली ती पानं लिहिली गेलीच नाहीत.

त्यांच्याबरोबर राखीव म्हणून निवडलेल्या बार्बरा मॉर्गन प्राथमिक शिक्षिका. माँटानातल्या फ्लॅटहेड या आदिवासी वसाहतीत, वाचनात मागे पडलेल्या मुलांना शिकवत त्यांनी नोकरीला सुरुवात केली होती. अपघातानंतर त्या आयडाहोतल्या मॅकॉल गावी, आपल्या लहान मुलांच्या वर्गात परतल्या. ‘नासा’नं १९९८मध्ये त्यांची अंतराळवीर म्हणून निवड केली आणि ऑगस्ट २००७मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्या ‘एंडेव्हर’मधून गेल्या. यानात तुळशीच्या जातीचं सुमारे एक कोटी बी होतं. ते पुढं शाळांना वाटलं. पृथ्वीवरच राहिलेल्या बियांशेजारी ते पेरायचं, रोज पाहायचं आणि दिसेल ते वहीत उतरवायचं.