फळीचा दुसरा जन्म

रायपूरचा इतिहास सांगावयास बसणारा मनुष्य बहुधा रतनपूरच्या हैहयवंशी राजांपासून प्रारंभ करतो, नागपूरकर भोसल्यांच्या अमलाकडे वळतो, १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपुरास आणले येथे क्षणभर थांबतो आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे वेगळे राज्य होऊन रायपूर त्याची राजधानी झाली, येथे कथा पुरी करतो. राजांचा आणि राजधान्यांचा हा इतिहास खरा आहे. परंतु या शहराला आणखी एक इतिहास आहे, आणि तो लाकडाचा आहे.

आज उरला किंवा सिलतरा येथील कारखान्यांत यंत्रसामग्री येते ती पुष्कळदा लाकडी बैठकीवर बांधलेली असते. तीन जाड दांडे, त्यांवर व खाली खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्या, असे तिचे साधे रूप. व्यवहारात तिला पॅलेट म्हणतात. माल उतरला की तिचे काम संपते. मग कोणी ती चुलीत घालतो, तर कोणी फळ्या सोडवून परसबागेत वाफ्याची कडा, वेलाचा मांडव किंवा खताची पेटी करतो. या दुसऱ्या मनुष्याच्या उद्योगाला वाटतो त्याहून मोठा पूर्वेतिहास आहे.

छत्तीसगडचे मूळ लाकूड म्हणजे साल. येथील लोक त्याला सरई म्हणतात, आणि तोच या राज्याचा राज्यवृक्ष आहे. १८८२ मध्ये नागपूर–छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत पोहोचली. तिचा हेतू छत्तीसगडचा तांदूळ बाहेर नेण्याचा होता. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली आणि पूर्वेकडे वाढविली. रुळांखाली घालावयास स्लीपर हवे होते. दर यार्डाला एक धरला तरी एका मैलाला १,७६० होतात, आणि ते काही वर्षांनी बदलावे लागतात. औषध न पाजता हे काम निभावणारी लाकडे हिंदुस्थानात मुख्यतः तीनच मानली जात : साग, देवदार आणि साल. त्यामुळे सालवनांकडे रेल्वेची दृष्टी वळली, यात नवल नव्हते.

परंतु सालाचा एक स्वभाव आहे. त्याचे ओले लाकूड इतके जड असते की ते पाण्यात बुडते. देवदाराचे ओंडके नदीत सोडून खाली नेता येतात, सालाचे तसे नेता येत नाहीत. म्हणून रूळच जंगलात न्यावे लागले. १९०० मध्ये रायपूर–धमतरी ही अडीच फुटी छोटी गाडी सुरू झाली, आणि पुढे १९२० नंतरच्या काळात कुरूदच्या बाजूने नगरी–सिहावाच्या अरण्यात शिरणारी रायपूर फॉरेस्ट ट्रामवे आली. रूळ टाकण्यासाठी लाकूड आणि लाकूड आणण्यासाठी रूळ, असे हे चक्र होते.

या चक्राखाली माणसेही होती. वन कायदे झाल्यापासून, विशेषतः १८७८ च्या कायद्यानंतर, राखीव जंगलातील काटकीसुद्धा सरकारची झाली. ज्या गोंड कुटुंबांच्या पिढ्या त्या झाडांखाली वाढल्या, त्यांनाच सरपणासाठी दंड भरावा लागे, आणि वनखात्याच्या कामावर अपुऱ्या मजुरीत किंवा वेठीने राबावे लागे. जानेवारी १९२२ मध्ये सिहावा–नगरी भागात याविरुद्ध जंगल सत्याग्रह झाला. राखीव जंगलात शिरून लाकूड तोडावयाचे आणि अटक करून घ्यावयाची, एवढाच त्याचा मार्ग होता. त्याच्याशी पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि धमतरीचे नारायणराव मेघावाले यांची नावे निगडित आहेत. ज्या रानातून स्लीपर गाड्या भरून जात होते, त्याच रानातील वाळकी मोळी उचलणे हा गुन्हा ठरावा, यातील अन्याय समजावयास कायद्याचे शिक्षण लागत नव्हते. लाकडाचा धनी कोण, हा प्रश्न तेथे उघडपणे विचारला गेला.

ती ट्रामवे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उखडली गेली. आणि त्याच युद्धात, येथून हजारो मैलांवर, पॅलेट मोठी झाली. त्यापूर्वी माल पिंपांतून, खोक्यांतून, गोण्यांतून जाई आणि त्याचा भार अखेर हमालाच्या पाठीवर येई. अमेरिकन सैन्याने उचलयंत्र आणि लाकडी बैठक यांची जोडी जमवून गोदामेच्या गोदामे थोड्या माणसांकरवी भरली आणि रिकामी केली. युद्ध संपल्यावर ऑस्ट्रेलियात मागे राहिलेल्या अशा बैठकींतून तेथील सरकारने भाड्याने पॅलेट देण्याचा साठा उभारला, तो १९५८ मध्ये ब्रँबल्स या कंपनीने घेतला. युरोपातील रेल्वे संघटनेने १९६१ मध्ये ८०० बाय १२०० मिलिमीटर हे माप ठरविले. पॅलेटचे लाकूड मात्र बहुधा चीड–पाइनसारखे हलके, स्वस्त आणि लवकर वाढणारे. सालासारखी शतकाची वाट पाहणे या व्यापाराला परवडणारे नव्हते.

जगभर फिरणाऱ्या या लाकडाबरोबर एक संकटही फिरू लागले. १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आशियातील लांब मिशांचा भुंगेरा सापडला. तो आवेष्टनाच्या लाकडातून आला होता, आणि त्याच्यापायी तेथील हजारो झाडे तोडावी लागली. म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला. असे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस उष्णतेत सलग ३० मिनिटे तापवावे किंवा त्यास मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी द्यावी, आणि तसा शिक्का त्यावर मारावा, असा तो नियम आहे. भारतानेही २००३ च्या आदेशाने आयात लाकडाला तो लागू केला. शिक्क्यावर गव्हाच्या लोंबीची आकृती आणि रोमन लिपीतील दोन अक्षरे असतात. ‘एचटी’ म्हणजे तापविलेले, ‘एमबी’ म्हणजे धुरी दिलेले. ही दोन अक्षरे बागवानाने वाचावयास हवीत. धुरी दिलेली फळी, तेलाचे वा रंगाचे डाग पडलेली फळी, किंवा ज्यावर काय सांडले हे कळत नाही अशी फळी, भाजीच्या वाफ्याला लावू नये. हीच गोष्ट लिलावात मिळणाऱ्या जुन्या स्लीपरांची. साल औषधाविना टिके, पण चिडीला क्रिओसोट हे डांबराचे तेल पाजीत, आणि ते मातीत उतरते.

पॅलेट सोडविण्यातही एक विद्या आहे. तिचे खिळे पीळदार असतात. ते लाकडाला इतके घट्ट धरतात की पहारेने उचकटल्यास फळी टोकाशी चिरते. म्हणून जाणता सुतार फळी आणि दांडा यांच्या फटीत पोलादी पाते घालून खिळाच कापतो, किंवा दांड्याच्या अगदी जवळ खालून हलके ठोके देत फळी सैल करतो आणि अंबुराने खिळा ओढतो. पुढे वाळवी आणि पाऊस हे दोन शत्रू उरतात. छत्तीसगडच्या पावसाळ्यात मातीला टेकलेली चीड फार तग धरीत नाही. तिच्याखाली विटा घातल्या आणि पाणी वाहून जाण्यास वाट ठेवली, तर तिचे आयुष्य वाढते.

रायपूर शहरातील छोट्या गाडीची वाटही आता इतिहासजमा झाली आहे. स्थानकापासून तेलीबांध्याकडे जाणाऱ्या रुळांच्या जागी रुंद रस्ता झाला, आणि ३० मार्च २०२५ रोजी अभनपूरहून रायपुरास नव्या रुंद रुळांवरून गाडी सुटली. तिच्याखाली लाकूड नाही, काँक्रीट आहे. जंगलावरचा एक भार उतरला, हे चांगलेच झाले.

परंतु लाकडाचे ऋण त्यामुळे फिटत नाही. छत्तीसगडी बोलीत घराजवळच्या भाजीच्या मळ्याला बाडी म्हणतात. त्या बाडीत परक्या देशातील चिडीच्या फळीवर कारल्याचा वेल चढतो, तेव्हा एक झाड थोडे अधिक जगते आणि दुसरे एखादे तुटावयाचे वाचते. शंभर वर्षांपूर्वी सिहाव्याच्या माणसाने वाळक्या मोळीसाठी तुरुंग पत्करला, कारण तिची किंमत त्याला ठाऊक होती. फेकलेली फळी उचलून, तिचा शिक्का वाचून, तिचे खिळे जपून काढणारा मनुष्य नकळत तीच किंमत ओळखत असतो.